पिस्तुलाआधी पुस्तिका

नाशिकच्या क्रांतिपर्वाची हकिगत सांगायची म्हटले की ती २१ डिसेंबर १९०९ च्या रात्रीपासून सुरू होते. विजयानंद नाट्यगृहात किर्लोस्कर मंडळींचे ‘शारदा’, बदली होऊन निघालेल्या कलेक्टर जॅक्सनला निरोप देण्याचा प्रसंग, आणि त्याच्यावर गोळ्या झाडणारा, वयाची अठरा वर्षेही न भरलेला अनंत लक्ष्मण कान्हेरे. पुढे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे हे तिघे फासावर गेले. शहरातले मोठे मैदान आज हुतात्मा कान्हेऱ्यांच्या नावाने ओळखले जाते. त्या स्मरणाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती याच हकिगतीत बाबाराव सावरकरांच्या खटल्याच्या वाट्याला येणाऱ्या एका ओळीबद्दल. ‘नुसत्या चार कविता छापल्या म्हणून जॅक्सनने बाबारावांना काळ्या पाण्यावर धाडले आणि कान्हेऱ्यांनी त्याचा सूड घेतला’, एवढ्यात तो खटला आटोपतो आणि लगेच पिस्तुलाचे वर्णन सुरू होते.

या ओळीमागे एक सर्वमान्य झालेला समज उभा आहे. खंडन करण्यापूर्वी तो पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे. त्याचे तीन भाग आहेत. पहिला असा, की साम्राज्याला हादरा दिला तो गोळीने. गोळी सुटल्यावर सरकार खडबडून जागे झाले आणि दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९१० मध्ये, त्याने प्रेस ॲक्ट आणला. दुसरा असा, की कविता मुळात निरुपद्रवी होत्या. देवादिकांची आणि शिवरायांची स्तोत्रे ती, सरकारला फक्त निमित्त हवे होते. तिसरा असा, की ज्या मुलखात शेकडा दहा माणसांनाही लिहिता-वाचता येत नव्हते, तिथे छापील चोपडीने असे काय साधणार? तिन्ही मिळून निष्कर्ष एकच निघतो: कागद गौण, कृती तेवढी खरी.

मला हा निष्कर्ष साफ अमान्य आहे. नाशिकमध्ये राज्यकर्त्यांनी आधी ओळखली ती पुस्तिकेची ताकद. तिला त्यांनी कायद्यातली जवळजवळ सर्वांत कठोर शिक्षा दिली आणि पिस्तुलाचा आवाज झाला तो त्या शिक्षेनंतर. ही पुस्तिका निरुपद्रवी नव्हती. तिला निरुपद्रवी ठरवणारे आपले लोक तिचा गौरव करत नाहीत, तिच्यातला जीव काढून घेतात.

पहिल्या भागाचे उत्तर तारखाच देतात. १९०७ मध्ये धाकटे बंधू विनायकराव सावरकरांनी लंडनहून धाडलेला मॅझिनीच्या चरित्राचा मराठी ग्रंथ बाबारावांनी पुण्यात छापवून घेतला. १९०८ च्या आरंभी ‘लघु अभिनव भारतमाला’ या नावाने कवितांची छोटेखानी पुस्तिका त्यांनी प्रसिद्ध केली. फेब्रुवारी १९०९ च्या अखेरीस त्यांना अटक झाली. लंडनच्या इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन वीस ब्राउनिंग पिस्तुले घेऊन मुंबईला उतरला, तेव्हा बाबाराव आधीच कोठडीत होते. जून १९०९ मध्ये नाशिकच्या सेशन कोर्टाने त्यांना जन्मठेप काळे पाणी आणि मालमत्ता जप्तीची शिक्षा सुनावली. मदनलाल धिंग्रांनी लंडनमध्ये कर्झन वायलीला गोळ्या घातल्या त्या १ जुलै १९०९ रोजी, म्हणजे या शिक्षेनंतर. नोव्हेंबरात मुंबई हायकोर्टाने शिक्षा कायम केली आणि डिसेंबरात जॅक्सनचा वध झाला. नाशिकमध्ये एकही गोळी सुटली नव्हती, एकही बॉम्ब फुटला नव्हता, आणि तरी एका प्रकाशकाचा जन्म अंदमानात घालवण्याचा निकाल लागून चुकला होता.

जॅक्सनने शिक्षा दिली हेही खरे नाही. जिल्हा दंडाधिकारी या नात्याने त्याने खटला सेशनकडे कमिट केला, शिक्षा सेशन जज्जाने दिली आणि हायकोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी ती उचलून धरली. हा फरक कज्जेदलालीचा वाटेल, पण तो महत्त्वाचा आहे. ‘जॅक्सनने धाडले’ म्हटले की एका दुष्ट अंमलदाराची गोष्ट होते आणि तो अंमलदार मेला की गोष्ट संपते. प्रत्यक्षात खालपासून वरपर्यंत सारी न्याययंत्रणा त्या पुस्तिकेच्या वाचनाला बसली होती. जॅक्सन स्वतः संस्कृतचा व्यासंगी होता, मराठी जाणत होता. त्या कवितांत काय आहे हे त्याला कोणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती.

प्रेस ॲक्टचेच पाहा. जॅक्सनवध हे त्याचे एक निमित्त होते हे मी नाकारत नाही. मुझफ्फरपूरचा बॉम्ब एप्रिल १९०८ मध्ये पडला आणि जूनमध्ये चिथावणीखोर वर्तमानपत्रांविरुद्धचा कायदा आला, हेही तसेच. पण निमित्त आणि नेम या दोन गोष्टी वेगळ्या असतात. पिस्तुलावर इलाज करायचा तर शस्त्रांचा कायदा १८७८ पासून हाताशी होता. खून पडल्यावर सरकारने हात घातला तो छापखान्यांच्या मालकांच्या खिशात. नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० ते २,००० रुपयांपर्यंत तारण मागावे, मजकूर आक्षेपार्ह वाटला तर ते जप्त करावे, पुन्हा छापखाना चालवायचा झाल्यास १,००० ते १०,००० रुपये मागावेत, अशी त्या कायद्याची रचना होती. गोळी झाडणारा हात सापडला होता, फासावर चढणार होता. सरकारला भय होते ते असे हात तयार करणाऱ्या खिळ्यांचे आणि शाईचे.

आता दुसरा भाग, कविता निरुपद्रवी असल्याचा. इथे कायद्याच्या कलमात शिरावेच लागेल, कारण सगळे मर्म तिथे आहे. बारा वर्षे आधी, १८९७ मध्ये, टिळकांवर खटला झाला तेव्हाही आरोपात एक कविता होती. ‘केसरी’त १५ जून १८९७ रोजी आलेली ‘शिवाजीचे उद्गार’ ही ती कविता. कलम लागले ते १२४-अ, म्हणजे राजद्रोहाचे, आणि शिक्षा झाली अठरा महिन्यांची. बाबारावांवर १२४-अ लागलेच, पण त्यावर कलम १२१ ही लागले, सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्यास चिथावणी दिल्याचे. या कलमात त्या काळी दोनच मुख्य शिक्षा होत्या: फाशी किंवा जन्मठेप काळे पाणी, आणि जोडीला मालमत्ता सरकारजमा. वर्ष-दोन वर्षे सक्तमजुरी असा तिसरा मार्गच नव्हता. कवितेला एकदा १२१ खाली बसवले की कवितेच्या प्रकाशकाला द्यायची कमीत कमी शिक्षा म्हणजे जन्मठेप, हे आपोआप ठरत होते.

हायकोर्टात अपील चालले ते न्या. नारायण गणेश चंदावरकर आणि न्या. हीटन यांच्यापुढे. त्या निकालातला हीटन यांचा भेद आजही फौजदारी कायद्याच्या पुस्तकांत सापडतो. लोकांच्या मनात क्षोभ पेटवणे, एक मनःस्थिती निर्माण करणे, इथवर गुन्हा राजद्रोहाचा. पण लेखक स्पष्टपणे कृतीलाच हाक देऊ लागला की ती युद्धाची चिथावणी, मग प्रत्यक्ष युद्ध झाले असो वा नसो. चंदावरकरांनी कविता वाचून काढलेले तात्पर्य असे होते की देवांची आणि शिवाजीसारख्या वीरांची नावे हे केवळ निमित्त असून परके आणि जुलमी सरकार तलवारीने उलथून टाका हाच त्यांचा खरा मजकूर आहे. चंदावरकर कोण? १९०० सालच्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष आणि प्रार्थना समाजाचे धुरीण. मराठी कवितेतली ध्वनी-व्यंजना त्यांना कळत नव्हती असे कोण म्हणेल? कायदा परक्या सत्तेचा होता, म्हणून शिक्षा अन्यायाची होती, हे मी ठामपणे म्हणतो. पण त्या कवितांचे वाचन म्हणून पाहिले तर कोर्टाने त्या बरोबर वाचल्या. कवींनी जे म्हटले तेच न्यायमूर्तींनी ऐकले. ‘त्या नुसत्या भक्तीच्या कविता होत्या हो’ अशी वकिली आज आपण करतो तेव्हा त्या कवींनी पत्करलेला धोकाच आपण खोडून टाकतो.

या प्रकाराचा वंशवृक्ष शोधायला सतराव्या शतकातल्या इंग्लंडात जावे लागते, कारण आपल्याकडे आलेला राजद्रोहाचा कायदा तिथल्याच बदनामीच्या कायद्याच्या कुळातला आहे. १६०५ साली स्टार चेंबर या राजाच्या न्यायासनापुढच्या एका खटल्यात ठरले की अधिकाऱ्याची लेखी निंदा हा सामान्य माणसाच्या निंदेपेक्षा मोठा गुन्हा, आणि ती निंदा खरी असली तरी सुटका नाही. याच स्टार चेंबरने १६३७ मध्ये विल्यम प्रिन, हेन्री बर्टन आणि जॉन बास्टविक या तिघांचे कान कापवले. अपराध काय, तर बिशपांविरुद्ध पुस्तिका लिहिल्या. १६४१ मध्ये ते न्यायासन बरखास्त झाले आणि लंडनच्या छापखान्यांतून पत्रकांचा लोंढा सुटला. जॉर्ज थॉमसन नावाच्या पुस्तकविक्रेत्याने १६४० ते १६६१ या काळात त्यातली सुमारे २२,००० जमवून ठेवली. संसदेने १६४३ मध्ये पुन्हा छपाईवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा त्याविरुद्ध १६४४ मध्ये मिल्टनने ‘ॲरिओपॅजिटिका’ लिहिली, तीही पुस्तिकाच.

बाबारावांच्या खटल्याशी नाते सांगणारा खटला मात्र १६६४ सालचा आहे. ऑक्टोबर १६६३ मध्ये पहाटेच्या अंधारात सरकारी झडतीदार रॉजर लेस्ट्रेंज लंडनच्या क्लॉथ फेअर भागात जॉन ट्विन या छापणाऱ्याच्या दारात येऊन धडकला. आत पळापळ झाली. जुळवलेले खिळे मोडून टाकायचा प्रयत्न झाला, पण एक कोपरा तसाच उभा राहिला आणि नुकतेच छापलेले ओले कागद हाती लागले. पुस्तकाचे म्हणणे होते की जुलमी राजाला प्रजेने जाब विचारावा, वेळ आली तर शस्त्र उचलावे. ट्विनने लेखकाचे नाव सांगितले नाही. खटला बदनामीचा झाला नाही, राजाचा जीव घेण्याचा कट म्हणून झाला. छापणे हीच त्या कटाची उघड कृती धरली गेली. ट्विनला फाशी दिले आणि त्याच्या देहाचे तुकडे केले.

नाशिकच्या खटल्याशी हे ताडून पाहा. दोन्हीकडे शिक्षा झाली ती छापणाऱ्याला वा छापवणाऱ्याला. आपल्याकडे कविता कवी गोविंद यांच्या होत्या, अंदमानला गेले ते बाबाराव. दोन्हीकडे मजकुराला मजकुराचे कलम पुरेसे वाटले नाही, त्याला युद्धाचे नाहीतर राजहत्येचे कलम लावावे लागले. इंग्लंडात छपाईपूर्व परवान्याची पद्धत १६९५ मध्ये संपली आणि त्यानंतर वृत्तपत्रस्वातंत्र्याचा अभिमान मिरवला गेला. त्याच इंग्लंडाच्या राज्याने १९०९ आणि १९१० या दोन वर्षांत हिंदुस्थानात सतराव्या शतकातली दोन्ही हत्यारे पुन्हा बाहेर काढली. बाबारावांच्या खटल्यात ट्विनचे कलम परतले, प्रेस ॲक्टच्या तारणात परवान्याची पद्धत परतली. घरी टाकून दिलेली हत्यारे जे राज्य वसाहतीत पुन्हा उपसते, त्याने कागदाला किती मोजले होते ते यावरून कळते.

‘देवधर्माचे केवळ आवरण’ या विचाराचाही इथेच समाचार घेतला पाहिजे, कारण तो न्यायमूर्तींचा होता आणि आजच्या अनेक अभ्यासकांचाही आहे. त्यांच्या मते आत राजकारण होते, वरून पुराणाची झूल टाकली होती. इंग्लंडच्या पत्रकांकडे पाहिले की यातली उणीव दिसते. तिथे राजा चार्ल्स हा बायबलातला रक्ताने हात माखलेला पुरुष ठरला, संसदेची फौज म्हणजे इजिप्तमधून सुटलेले इस्रायली ठरले, रोम म्हणजे बॅबिलोन. त्या लेखकांना राजकारण आणि धर्म अशा दोन निराळ्या पेट्या ठाऊकच नव्हत्या. राज्यकर्त्याच्या अधिकाराला सीमा कोणती, हा प्रश्न ते ज्या भाषेत विचारू शकत होते ती भाषा बायबलाची होती. पंचवटीच्या गावात ती भाषा रामायणाची, देवीच्या असुरसंहाराची आणि शिवचरित्राची होती. इथल्या श्रोत्याला ‘सार्वभौमत्व’ समजावून सांगावे लागले असते, रावण समजावून सांगावा लागत नव्हता. आवरण म्हणजे काढून ठेवता येते ते. ही भाषा काढून ठेवली असती तर विचारही उरला नसता.

राहिला साक्षरतेचा आक्षेप. हा आक्षेप घेणारे पुस्तिका म्हणजे एकट्याने मुकाट्याने वाचायची वस्तू असे धरून चालतात. नाशिकमध्ये १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या संघटनेचे नावच ‘मित्रमेळा’ होते. गणेशोत्सवातले मेळे म्हणजे पदे म्हणत रस्त्याने फिरणारी मंडळी, हे तेव्हाच्या महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नव्हते. याच मित्रमेळ्याची पुढे १९०४ मध्ये ‘अभिनव भारत’ झाली. आणि कवी गोविंद कोण होते? तिळभांडेश्वराच्या बोळात राहणारे गोविंद त्र्यंबक दरेकर, आबा दरेकर. पायांनी अधू असलेला हा माणूस सावरकर बंधूंच्या सहवासात येण्यापूर्वी लावण्या रचत असे. त्यांची ‘सुंदर मी होणार’ ही कविता आजही मराठी वाचकाच्या ओठांवर आहे. चाल धरून शब्द बसवायचे, ऐकणाऱ्याला पहिल्याच खेपेला ध्रुपद उचलता आले पाहिजे, ही विद्या त्यांनी फडावरच्या कवितेकडून घेतली आणि राजकारणाला दिली. अशी कविता एका साक्षराने वाचली की वीस निरक्षरांना पाठ होते. कागद जप्त करता येतो, पाठ झालेले पद जप्त करता येत नाही. सतराव्या शतकातल्या इंग्लंडातही पोवाड्यांसारखी एकपानी गाणी दारूच्या गुत्त्यांच्या भिंतींवर डकवलेली असत आणि ज्याला अक्षर येई तो बाकीच्यांना म्हणून दाखवी. साक्षरतेचे आकडे मोजून अशा वाङ्मयाचा पल्ला मोजणे चूक आहे. पुस्तिका लहान, स्वस्त आणि पद्यात होती, कारण ती डोळ्यांपेक्षा कानांसाठी होती.

माझ्या पक्षाला दोन मर्यादा आहेत आणि त्या मला मान्य आहेत. पहिली अशी की कागद आणि शस्त्र यांच्यात भिंत नव्हती. बाबारावांच्या घराच्या झडतीत बॉम्ब बनवण्याच्या माहितीची टंकलिखित इंग्रजी पाने सापडली, सुमारे साठ. युरोपातल्या गुप्त मंडळ्यांच्या इतिहासाचे, खुणा करकरून वाचलेले एक पुस्तकही सापडले. इंग्लंडातही १६५७ मध्ये क्रॉमवेलचा खून हा खूनच नव्हे असे प्रतिपादन करणारी ‘किलिंग नो मर्डर’ ही पुस्तिका निघालीच होती. पण यामुळे माझे म्हणणे पडत नाही, उलट बळावते. कान्हेऱ्यांच्या हातातले पिस्तूल चतुर्भुजाने आणलेल्या त्या वीसांपैकी होते, आणि जॅक्सनवर ते रोखले गेले त्याचे कारण पुस्तिकेचा खटला हे होते. पुस्तिका ही पिस्तुलाची नांदी नव्हती. पिस्तूल हे पुस्तिकेच्या शिक्षेला आलेले उत्तर होते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. रामायणाची भाषा सर्वांची होती असे वर मी म्हटले, पण नाशिकमध्येच २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे लढवला. रामाच्या नावाने परक्यांविरुद्ध हाक देणाऱ्या गावात रामाच्या देवळाचे दार हजारोंना बंद होते. त्यांना ही भाषा आपली कशी वाटावी? त्यांनी आपली स्वतंत्र पत्रे काढली, १९२० मध्ये ‘मूकनायक’, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. मित्रमेळ्याच्या पदांची ताकद सांगताना ती कोणापर्यंत पोचली नाहीत हेही सांगितले पाहिजे. पण आंबेडकरांनीही सत्याग्रहाच्या जोडीने छापखानाच हाताशी धरला, हे विसरून चालणार नाही. सत्तेला आणि समाजाला जाब विचारायचा तर स्वतःचा कागद हवा, या एका गोष्टीवर नाशिकच्या दोन परस्परविरोधी परंपरांचे एकमत होते.

म्हणून नाशिकच्या इतिहासाची मांडणी बदलली पाहिजे. तिची सुरुवात विजयानंदाच्या दारात न करता १९०८ च्या पुस्तिकेपासून करावी. बाबारावांचा खटला जॅक्सनवधाची पार्श्वभूमी म्हणून शिकवू नये. मराठी मुद्रणाच्या आणि अभिव्यक्तीच्या इतिहासातला मैलाचा दगड ठरलेला खटला म्हणून तो शिकवावा, कलम १२१ आणि हीटनच्या भेदासह. आपल्याकडे थॉमसनसारखा संग्राहक झाला नाही. त्या काळातल्या बंदी घातलेल्या पुष्कळ पुस्तिका आज पाहायला मिळतात त्या जप्त करणाऱ्या सरकारच्याच दप्तरांतून, लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या संग्रहांतून. त्यांच्या प्रतिमा नाशिकच्या वाचनालयांत आणणे, त्यांची चिकित्सक आवृत्ती काढणे, त्यातली पदे कोणत्या चालींवर म्हणत हे नोंदवणे, हे काम पुतळ्यांपेक्षा कमी खर्चाचे आणि अधिक मोलाचे आहे.

याची निकड केवळ इतिहासापुरती नाही. १८७० मध्ये दंडसंहितेत आलेले १२४-अ स्वातंत्र्यानंतरही पंचाहत्तरहून अधिक वर्षे पुस्तकात राहिले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर स्थगित केला आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १५२ आले. ते पुन्हा देशाची एकता आणि सार्वभौमत्व धोक्यात आणणाऱ्या शब्दांविषयीच बोलते. क्षोभ कुठे संपतो आणि चिथावणी कुठे सुरू होते, हा १९०९ चा प्रश्न आजच्या न्यायालयांपुढे तसाच उभा आहे. त्याचा विचार करताना ज्या समाजाला पुस्तिका ही नुसती चोपडी वाटते, त्याला तिच्यावरच्या बंदीचेही काही वाटेनासे होते. ‘लघु अभिनव भारतमाला’ला तिच्या शत्रूंनी जेवढे गंभीरपणे घेतले, निदान तेवढे गंभीरपणे तिच्या वारसांनी घ्यावे, एवढीच माझी मागणी आहे.